मैना मोरीच्या पुढं जाते तेव्हा

"खोड हाय तिला." हे वाक्य आमच्या मैना घोडीबद्दल मी गेल्या वर्षभरात किमान पन्नास जणांच्या तोंडून ऐकलंय. दूध घालायला येणारा पोरगा, शेजारचे मळेवाले, नालबंद, सगळ्यांचं एकच, आणि पुढचं वाक्य पण ठरलेलं, जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. खोड काय होती, तर सोबत दुसरं घोडं असलं की मैना कुठंही जाते, पंचगंगेत पोटापर्यंत पाण्यात उतरते, यात्रेच्या गर्दीतनं चालते, आणि एकटी काढली की पाणंदीतल्या मोरीपाशी, म्हणजे खाली पाइप घातलेल्या छोट्या पुलापाशी, चारी पाय रोवून उभी. पुढं रेटलं की गर्रकन फिरून घर गाठायचं, वर कोण बसलंय याच्याशी तिला काही देणंघेणं नाही.

आधी थोडं आमच्याबद्दल. मी राहते कोल्हापुरात, संध्याकाळी गणिताच्या शिकवण्या घेते, आणि सकाळी सहाला स्कूटर काढून शिवाजी पुलावरनं वडणग्याच्या बाजूला आमच्या मळ्यात जाते. तिथं माझे चुलते, तात्या. तात्यांनी तरुणपणी स्टेशनवर टांगा हाकलाय, टांगे बंद पडले तरी घोडं काही सुटलं नाही. त्यांचा सर्जा आता चोवीस वर्षांचा आहे. मैना त्याच्या सोबतीला म्हणून आणली, एका मेंढपाळ धनगराकडनं, ज्यांचा मेंढरांचा वाडा दरवर्षी आमच्या रानात खतासाठी बसतो. कुमैत रंग, कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, उंची तेरा हात. हा घोड्याचा हात म्हणजे ४ इंच बरं का, कोपरापासनंचा नव्हे, म्हणजे ५२ इंच, साधारण १३२ सेंटीमीटर. १४.२ हातांच्या आतलं ते पोनी, म्हणजे आपल्या भाषेत तट्टू. पण तट्टू म्हटलं की लोकांना भाडोत्री तट्टू आठवतं आणि तोंड वाकडं होतं, म्हणून मी घोडीच म्हणते.

ही भीमथडीची तट्टं. भीमेच्या थडीची म्हणून भीमथडी. मराठ्यांच्या घोडदळात यांचं नाव होतं, नंतर धनगरांनी बिऱ्हाड वाहायला सांभाळली म्हणून टिकली, आणि आत्ता आत्ता कुठं सरकारदरबारी स्वतंत्र जात म्हणून नोंद झालीय. काटक इतकी की वाळका कडबा आणि बांधावरचं गवत खाऊन टुणटुणीत. उलट जास्त चारलं तर त्रास, ते पुढं येतंच.

तर झालं असं की सर्जाच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले आता याला फक्त आराम, हातात धरून जरा फिरवा, बाकी काही नको. म्हणजे मैनाला घेऊन जायचं तर एकटीलाच. मला वाटलं त्यात काय एवढं, दोन वर्षं हीच वाट तुडवतेय. डिसेंबरातली गोष्ट, उसाचा हंगाम जोरात. मळ्यातनं निघाले, आंब्यापर्यंत ठीक, विजेच्या डीपीपाशी कान टवकारले, आणि मोरीवर खूर पडला, खालच्या सिमेंटच्या पाइपातनं ढम्म आवाज आला, आणि त्याच वेळी मागनं सर्जा खिंकाळला. झालं. मी उजव्या अंगाला उसात, घोडी मळ्यात. पाचटावर पडले म्हणून वाचले, डोक्यात घोडेस्वारीचं हेल्मेट होतं म्हणून पण. फोन मात्र खोगिराच्या पिशवीत राहिला, तो घोडीबरोबर घरी गेला. तेव्हापासनं फोन कायम माझ्या अंगावर, हे ज्यांना एकटं घोड्यावर जायचंय त्यांनी आजच लिहून ठेवा.

यानंतर मी एक चूक केली आणि ती सांगायला मला अजून लाज वाटते. ओळखीतनं एक शिकवणारे बोलावले, नाव नको, बरीच घोडी तयार केली म्हणून बोलबाला होता. त्यांनी तोंडात जास्त कडक लगाम घातला, चाबूक घेतला आणि अर्ध्या तासात मैनाला मोरी ओलांडून दाखवली. सगळे वाहवा म्हणाले. मी पण पैसे दिले. दुसऱ्या दिवशी मी नुसतं खोगीर उचललं तर मैनाच्या मानेवर घाम सुटला. ऊन नव्हतं, काम नव्हतं, नुसतं चामड्याचा वास आला आणि घाम. तात्या खाटेवर बसून बघत होते. म्हणाले, "पोरी, काल मोरी पार झाली, पन घोडी मागंच ऱ्हायली की गं."

मग घोडं नेमकं पेंड कुठं खातंय ते शोधायला बसलो. आधी दुखणं. हे सगळ्यात आधी बघायचं असतं आणि आम्ही सगळ्यात शेवटी बघितलं. डॉक्टरांनी दात तपासले, दाढेच्या कडा धारदार होऊन आतनं गालाला कापत होत्या, त्या कानशीनं घासल्या. खोगीर मान संपून पाठ सुरू होते तिथं जरासं टेकत होतं, खाली घोंगडीची घडी बदलली. वजनाचं गणित केलं, घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त ओझं नको असं साधारण धरतात, मैना २८० किलोच्या आसपास, मी ५० आणि खोगीर ६, म्हणजे बरोबर काठावर. त्या दिवसापासनं माझ्या चुलत भावाला, जो ८२ किलोचा आहे, मैनावर बंदी. तो अजून चिडलाय.

दुखणं मिटलं तरी मोरी तशीच. शेवटी मी त्या धनगरमामांना फोन लावला. ते तेव्हा मेंढरं घेऊन लांब कुठंतरी होते, मागं कुत्री भुंकत होती. मी सगळं सांगितलं, ते थोडा वेळ गप्प, मग म्हणाले, "ताई, ती कधी एकली चालल्यालीच न्हाई. तिच्या म्होरं कायम तिची आई, मागं दुसरी घोडी. पाठीव कोंबड्या, करडं, भांडी. एकली कशी जाईल ती?"

एवढंच. मी जिला अडेल म्हणत होते ती जन्मल्यापासनं ओळीत चाललेली घोडी होती. पुढच्या घोडीचं ढुंगण दिसतंय म्हणजे जग ठीक आहे, एवढंच तिला माहीत. घोडं मुळात कळपाचं जनावर, रानात कळपातनं सुटलं की ते कुणाचं तरी जेवण. खोडीला आपण शिस्त लावायला जातो, भीतीला शिस्त कशी लावणार? वर्गात गणिताला घाबरणाऱ्या पोराला पट्टी दाखवून अपूर्णांक येत नाहीत, हे मी रोज बघते, पण घोडीच्या बाबतीत डोक्यात शिरायला उसात पडावं लागलं.

पुढचे चार महिने काय केलं ते सांगते. पद्धत बिद्धत काही नाही, तात्यांचं जुनं, डॉक्टरांचं थोडं, आणि माझं वहीत लिहून ठेवायचं वेड.

पहिले तीन आठवडे मी मैनावर बसलेच नाही. नुसती बागडोर हातात आणि चालत. मैनाच्या पुढं मी, म्हणजे तिला ढुंगण पाहिजेच ना समोर, तर माझं घे. चेष्टा नाही, खरंच उपयोग झाला. चालता चालता मी हळूहळू मागं सरकायची, आधी तिच्या डोक्याशी, मग खांद्याशी, मग खोगिराशी. एक दिवस लक्षात आलं की पुढं तीच चाललीय आणि मी तिच्या खांद्याच्या मागं आहे. तिच्या पण लक्षात आलं, थांबली, मान वळवून माझ्याकडं बघितलं, तू कुठं गेलीस असं. मी उभी राहिले. तिनं फुर्र केलं आणि चार पावलं टाकली. चारच. तिथनं परत फिरलो. तात्यांचा नियम असा की ती घाबरून वळायच्या आधी आपण वळवायचं, म्हणजे परत फिरायचं आपण ठरवलं, भीतीनं नाही.

भीती मोजायची कशी तर डॉक्टरांनी नाडी बघायला शिकवलं. जबड्याच्या खालच्या हाडावरनं एक शीर जाते, बोट ठेवलं की लागते. पंधरा सेकंद मोजायचं आणि चारानं गुणायचं. घोड्याचे ठोके आरामात असताना मिनिटाला २८ ते ४४ च्या दरम्यान असतात. मैनाचे गोठ्यात ४०. डीपीपाशी, नुसतं उभं राहून, ६८. चेहऱ्यावर काही नाही हो, लोक म्हणाले असते बघा कशी शांत उभी आहे, आणि आत हे चाललंय. तो डीपी गुणगुणत असतो, आपल्याला ऐकू पण येत नाही, तिचे दोन्ही कान मात्र वेगवेगळे फिरतात, एक डीपीकडं, एक माझ्याकडं. आम्ही तिथं नुसतं उभं राहायचो. मी मोबाईल काढायची नाही, तिच्यावर ढकलाढकली नाही. मग डोकं खाली येतं, ओठ चाटते, जबडा हलवते, एक लांब श्वास सोडते, आणि ठोके ४८. मग पुढं. पहिल्यांदा याला बावीस मिनिटं लागली. मार्चमध्ये ती डीपीपाशी थांबायची पण बंद झाली, आणि मला उगाच वाईट वाटलं, सकाळची शांत जागा गेली म्हणून.

एक गोष्ट मला आधी माहीतच नव्हती. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूला, त्यामुळं मान न हलवता साधारण ३५० अंश दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोर आणि शेपटीमागं आंधळी जागा. म्हणून जाताना उजव्या डोळ्यानं बघितलेलं निळं ताडपत्रीचं खोपट येताना डाव्या डोळ्यासमोर येतं आणि दुसऱ्या बाजूनं ते वेगळंच दिसतं. मी आपली ओरडायची, आत्ताच तर बघितलंस की गं! आता प्रत्येक गोष्ट दोन्ही बाजूंनी दाखवायची, खोपटाला गोल फेरी मारायची, हुंगू द्यायचं. टांग्याच्या घोड्यांना झापडं का बांधायचे ते पण तेव्हा नीट कळलं. तात्या म्हणतात, झापडं म्हणजे न बघून सुटका, आणि तुला हवीय बघून सुटका, मग टाइम लागणार. आवाजाचं पण त्यांनी असंच सांगितलं. शाहू महाराजांच्या खडखड्याच्या गोष्टी कोल्हापुरात सगळ्यांनीच ऐकल्यात, तर तात्यांचं म्हणणं, तो खडखडा म्हणजे घोडी शिकवायची गाडी, मागं एवढा खडखडाट घेऊन चाललेलं घोडं मग कशाला दचकतंय. आमच्याकडं खडखडा नव्हता, म्हणून तात्यांनी पत्र्याच्या डब्यात खडे घालून गोठ्यात चंदीच्या, म्हणजे दाणे खायच्या वेळी हलवायला सुरुवात केली. आठ दिवसांत डबा वाजला की मैना चंदीची पिशवी, तोबरा, शोधायला लागली.

खाण्यावरनं आठवलं. मी खिशात गुळाचे खडे ठेवायची, कोल्हापूरचा गूळ, मैना माझ्या खिशाच्या प्रेमात. डॉक्टरांना कळल्यावर त्यांनी मला असं झापलं की विचारू नका. या काटक तट्टांना गोड सोसत नाही, खुरांच्या आत सूज येते, घोडं पाय टेकवेना होतं. तेव्हापासनं गाजराचे लांबट तुकडे. आणि ते घरी नाही, वाटेत. मोरीपलीकडं बांधावर चांगलं हिरवं गवत आहे, तिथं पोचलं की पाच मिनिटं मान सोडायची. घरी आल्यावर मात्र लगेच चंदी नाही, आधी खोगीर काढायचं, खरारा, पाणी, मग उशिरानं खाणं. म्हणजे घर म्हणजे मजा आणि बाहेर म्हणजे वनवास हे गणित थोडं तरी उलटं व्हावं.

आता दुसरी बाजू, सर्जा. लोक निघणाऱ्या घोड्याबद्दल बोलतात, मागं राहिलेल्याचं काय? म्हातारा असा बोंबलायचा की निगवे गावाला ऐकू जावं. मैनाचं निम्मं धैर्य त्या एका खिंकाळीनं खलास. मग तात्यांनी त्याला पण शाळा लावली. समोर उसाचं वाडं टाकायचं, मैनाला दोन मिनिटं गोठ्याच्या मागं न्यायची आणि तो ओरडायच्या आत परत आणायची. दोनाची पाच, पाचाची दहा. जानेवारीत त्याला कळलं की ही बया जाते ती येते. मैनाला हेच कळायला फेब्रुवारी उजाडला.

मग बसायची वेळ आली आणि घाबरलेली घोडी नव्हतीच, मी होते. पडल्यापासनं मोरी दिसली की माझ्या मांड्या आवळायच्या, श्वास अडकायचा, लगाम आपोआप आखडला जायचा. पाठीवर बसलेलं माणूस दगडासारखं झालं तर घोडीनं काय समजायचं? पुढं वाघ आहे असंच ना. तात्या म्हणाले गाणं म्हण, गाताना श्वास कोंडता येत नाही. मला गाणं येत नाही. म्हणून मी पाढे म्हणायला लागले. एकोणतीसचा. तो निवडला कारण त्याला डोकं लावावं लागतं, दोनचा म्हणताना माणूस बाजूनं घाबरू शकतं. तर पाणंदीतनं एक बाई घोडीवर बसून मोठ्यानं एकोणतीसचा पाढा म्हणत चाललीय हे दृश्य वडणग्यात बऱ्याच जणांनी बघितलंय. एका ऊसतोड टोळीतल्या बायका तर माझ्याबरोबर म्हणायच्या, चुकीचा.

वाढवलं ते पावलांनी, किलोमीटरनं नाही. वहीत आहे सगळं, आंबा, आंबा अधिक वीस पावलं, डीपी, डीपी अधिक दहा. काही दिवस उलटे. चैत्र यात्रेच्या आठवड्यात जोतिबाला जाणाऱ्या सासनकाठ्या, हलग्या, पिपाण्या, त्यामुळं तेव्हा बाहेर काढलंच नाही, आणि नंतर बघते तर आम्ही परत आंब्यावर. मी रडकुंडीला आले होते. तात्या म्हणाले, "आंबा काय वाईट हाय व्हय? बस की सावलीत."

ट्रॅक्टरचं वेगळं प्रकरण. दोन ट्रॉल्या, ऊस अंगाबाहेर आलेला, आणि पुढं डॉल्बी. बहुतेक ड्रायव्हर चांगले, हात केला की आवाज कमी करतात, थांबतात पण. एकानं मात्र मला बघून मुद्दाम हॉर्न दाबला. मैना बाजूला उडाली, पण फिरली नाही! तिथंच थरथरत उभी राहिली, नाकपुड्या बशीएवढ्या, आणि एक कान मागं माझ्याकडं. मी एकोणतीस साते पर्यंत पोचले होते, पुढचं आठवेना, तेच तेच म्हणत बसले. मग उतरले. उतरू नये म्हणतात, घोडी जिंकली असं होतं म्हणे. मला नाही पटत. मी उतरले, तिच्या पुढं उभी राहिले, ट्रॅक्टर गेला, परत बसले आणि पुढं गेलो. कोण जिंकलं ते माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी खोगीर बघून घाम आला नाही.

मे महिन्यात, वळवाचा पाऊस रात्री पडून गेला होता, पाणंदीत चिखल, गुऱ्हाळाचं चुलवाण हंगाम संपून गार पडलेलं. सकाळीच निघालो, तात्यांना सांगितलं पाऊण तासात नाही आले तर बघायला या. आंबा गेला. डीपी गेला. मोरीवर मैना थांबली, मान खाली घालून पाइपाच्या तोंडाचा वास घेतला, आतनं बेडूक टुणकन बाहेर पडलं, दोघी दचकलो, आणि ती आपण होऊन चालायला लागली. टाप ढम्म वाजली, दुसरी वाजली. गुऱ्हाळाच्या पुढं माझ्या वहीत काही लिहिलेलंच नव्हतं. तिथं तिनं जरा वेग घेतला, दुडकी नाही, पण ते असतं ना, आपलं काम आहे पुढं अशी चाल. लांब जोतिबाचा डोंगर ढगात निम्मा. तळ्यापर्यंत गेलो. तिथं तिनं पाणी प्यायलं, ढवळलं, माझी पँट भिजवली. कान दोन्ही पुढं. पाढा मी कधीच थांबवला होता आणि कुठं ते मला आठवत पण नाही.

येताना मोरीपासनं ती खिंकाळायला लागली, आलेय बघ, असं. मळ्यातनं उत्तर नाही. परत खिंकाळली. शांत. मला जरा धस्सच झालं, म्हातारं घोडं आहे. गोठ्यात येऊन बघते तर सर्जा उभ्या उभ्या झोपलेला, खालचा ओठ लोंबतोय, समोर वाडं अर्धं खाल्लेलं. मैना त्याच्या नाकाशी जाऊन फुरफुरली तेव्हा त्यानं एक डोळा उघडला, तिच्याकडं बघितलं, आणि परत मिटला.